गाडी चारला निघते

मित्रांनो, तुमच्यापैकी ज्यांनी आंबा फक्त पेटीतून निघताना पाहिला आहे, त्यांच्यासाठी आधी ओळख सांगतो. मी झेला. झाडावरचा आंबा न आपटता खाली आणायचं काम माझं. माणसाच्या दीडपट उंचीची काठी, टोकाला लोखंडी कडं, कड्याला छोटं धारदार पातं आणि खाली लोंबणारी जाळीची पिशवी. पात्याने देठ तोडायचा आणि आंबा जाळीत घ्यायचा. बस्स, एवढंच. आता मी जुना झालो आहे आणि माझ्या काठीला मधोमध एक चीर आहे. ती कशी पडली आणि पुढे काय झालं, ते सांगायला बसलो आहे.

माझं कडं राजापूरच्या एका लोहाराने ठोकलं. जाळी पूर्णगडच्या एका म्हाताऱ्या खलाशाने उरल्यासुरल्या दोऱ्यातून विणली. काठी माणग्याची, म्हणजे आमच्याकडच्या चिवट बांबूची. हे तिन्ही जमवून मला उभं केलं ते भिवाने. तेव्हा तो पंचविशीत होता. त्याने मला दोनदा हातात तोलून पाहिलं, टोक जड लागलं म्हणून कडं उतरवून पुन्हा बसवलं, आणि म्हणाला, "आता बरा झालास." माझ्याशी कुणी बोललेलं हे पहिलं वाक्य. पुढची तीस वर्षं तो माझ्याशी फारसं बोलला नाही, पण मला दुसऱ्या कुणाच्या हातातही दिलं नाही.

पूर्णगडच्या अलीकडे कातळावर परशुराम आप्पांची हापूसची बाग आहे. दोनशे कलमं. भिवाचं घर खालच्या वाडीत, आणि त्याची बायको नंदा अंगणवाडीत मदतनीस. मार्च उजाडला की सकाळी सातला भिवा मला खांद्यावर टाकून बागेत हजर व्हायचा.

त्याची कामाची पद्धत जरा सविस्तर सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावरच अवलंबून आहे. झाडाखाली आला की तो आधी वर बघत नसे. आधी खोडावर तळवा ठेवायचा. साल कोरडी आहे की बुळबुळीत, ते तळव्याला कळतं. मग वर बघून सुकलेल्या फांद्या हेरून ठेवायचा. आंब्याची सुकी फांदी दगा देते, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. चढताना नव्या फांदीवर भार टाकण्याआधी टाचेने एकदा दाबून बघायचा. वर गेल्यावर नजर देठावर. आंबा चौदा आणे तयार झालेला हवा, म्हणजे उरलेले दोन आणे तो घरी गवतात पिकतो. देठ बोटभर राखायचा, नाहीतर चीक ओघळून फळावर डाग पडतो. आणि हे सगळं करताना त्याच्या गप्पा कशाच्या, तर जयंतीच्या मिरवणुकीत यंदा लेझीम कोण बसवणार, फोनला रेंज का नाही, आणि पूर्णगडची एसटी आज किती उशिरा आली. आंब्याबद्दल तो चकार शब्द काढत नसे.

आता चिरेची गोष्ट. चार वर्षांपूर्वी मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात दुपारी एक अवकाळी सर आली. अर्धा तास पडली आणि थांबली. आप्पा पडवी उतरून बागेत आले. वाशीच्या बाजाराला जाणारी गाडी यायची होती आणि क्रेट अर्धेच भरले होते. भिवा म्हणाला, "आप्पा, खोडं ओली हायत. उद्या सकाळी काढूया." आप्पांनी आभाळाकडे पाहिलं, मग घड्याळाकडे पाहिलं. "भिवा, गाडी चारला निघते," एवढं म्हणाले आणि चहा घ्यायला घरात गेले. ओरडले नाहीत. चढ असंही म्हणाले नाहीत.

भिवाने खोडावर तळवा ठेवला. तो चड्डीला पुसला. पुन्हा ठेवला. मग मला डाव्या हातात घेऊन चढायला लागला. त्याच्या मनात काय चाललं होतं ते मला माहीत नाही, मित्रांनो. मी त्याच्या हातात होतो, डोक्यात नव्हतो. त्या दिवशी त्याची पकड नेहमीपेक्षा घट्ट होती, एवढं मात्र छातीठोकपणे सांगेन. पहिल्या बेचक्यात त्याचा पाय घसरला आणि आम्ही दोघं एकदमच खाली आलो. माझी काठी चिरली आणि त्याच्या मांडीचं हाड मोडलं.

आप्पांनी स्वतः गाडी काढून त्याला रत्नागिरीला दवाखान्यात नेलं आणि उपचारात काही कमी पडू दिलं नाही. हेही खरं आहे, आणि खरं ते सगळं सांगायला हवं. डॉक्टरांनी विचारलं, कसा पडला. आप्पा म्हणाले, "सुक्या फांदीवर पाय पडला असेल." गावात पोचेपर्यंत त्याचं झालं, भिवाने सुक्या फांदीवर पाय दिला. भिवा घरी आला तेव्हा हे सगळ्यांना पाठ झालेलं होतं. त्याने कुणाला काही सांगितलं नाही. ज्याने दवाखाना केला त्याचं नाव कशाला घ्या, असं त्याला वाटलं असावं. हा माझा अंदाज आहे, खात्री नाही.

तुम्हाला वाटेल, एवढ्याने काय बिघडलं? सांगतो. आंबे काढणाऱ्याला 'सुक्या फांदीवर पाय देणारा' म्हणणं म्हणजे ड्रायव्हरला झोपाळू म्हणण्यासारखं आहे. भिवाचा पाय बरा झाला, पण चालताना लंगडायला लागला. चढणं संपलं. तरी जाणत्या माणसाला बागेत चढण्यावाचून शंभर कामं असतात. कुठलं झाड आधी काढायचं ते ठरवायचं, फळ निवडायचं, नव्या पोरांना चढायला शिकवायचं. त्या कामांनाही त्याला कुणी बोलावेना. हरिश्चंद्र नावाचे शेजारचे बागवाले आप्पांच्या पडवीत बसून माझ्यादेखत म्हणाले, "जो स्वतः पडला तो पोरांना काय डोंबल शिकवणार?" आप्पा त्यावर काही बोलले नाहीत. पडल्या दिवशी कुणीतरी मला उचलून तिथल्याच खुंटीला टांगलं होतं, तेव्हापासून मी तिथेच होतो. मला सगळं माहीत होतं आणि मला तोंड नव्हतं. फार राग आला होता मला त्या दिवशी.

बागेत ॲल्युमिनियमचे नवे झेले आले. हलके आणि चकचकीत. माझ्या जाळीत एका कोळ्याने आपली जाळी विणली. तशी तीन वर्षं गेली.

मग एका रविवारी वैदेहीने मला खुंटीवरून काढलं. वैदेही आप्पांची मुलगी. रत्नागिरीत हायस्कूलमध्ये मराठी शिकवते आणि एकांकिका लिहिते. भिवा पडला तेव्हा ती शाळेच्या कामाला बाहेरगावी गेलेली होती, आणि घरी जे सांगितलं गेलं तेच तिने ऐकलं. भिवाकाकांवर तिचा जीव होता. म्हणून तिने आंबे काढणाऱ्या एका माणसावर एकांकिका लिहिली. त्या माणसाचं नाव सदू ठेवलं. स्पर्धेसाठी तालमी सुरू झाल्या होत्या आणि तिला खराखुरा झेला हवा होता. अशा रीतीने मी उतारवयात नट झालो.

तालीम शाळेच्या हॉलमध्ये व्हायची. सदूचं काम हर्षद करायचा. हा बँकेत कारकून, गुणी आणि मेहनती. पण तो मला जळमटं काढायच्या झाडूसारखा धरायचा. आणि नाटक? काय सांगू. सदू झाडाला मिठी मारून म्हणायचा, "हे वृक्षा, तूच माझा सखा." झाडावर आंब्याचा घमघमाट सुटायचा. झाडावरच्या कच्च्या आंब्याला फक्त चिकाचा वास असतो, पण ते लिहिणारीला कुठून ठाऊक असणार? ती त्याच बागेत वाढली, आयुष्यभर आंबे खाल्ले, पण मला तिने कधी हात लावला नव्हता. शेवटी सदू मुलीच्या लग्नाच्या विचारात हरवतो, सुक्या फांदीवर पाय देतो आणि पडतो. हे ऐकून तिच्या दोन सहकारी शिक्षिकांनी डोळे पुसले. मला मात्र ओशाळल्यासारखं झालं. गावात जे तोंडोतोंडी होतं, ते आता रंगमंचावरून शंभर माणसांना सांगितलं जाणार होतं.

चौथ्या तालमीला हर्षदचं मनगट धरलं. तो म्हणाला, "मॅडम, हा धरायचा तरी कसा? जाळीतला आंबा सारखा बाहेर पडतोय."

वैदेहीने मला हातात घेऊन पाहिलं. तिच्याही हातून आंबा पडला. ती म्हणाली, "मला येत नाही. ज्यांना येतं त्यांना विचारून येते." तिचं लिहिणं कसंही असो, हे वाक्य मला आवडलं. दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. सकाळीच मला स्कूटरला आडवं बांधून ती खालच्या वाडीत आली.

भिवा अंगणात खुर्चीवर बसला होता. नंदा सुपात कुळीथ निवडत होती. भिवाने मला हातात घेतलं. तीन वर्षांनी. त्याचा अंगठा चिरेवरून एकदा वर गेला आणि खाली आला. मला भरून आलं.

"कुणाच्या हातात द्यायचा हाय?" त्याने विचारलं.

"हर्षद म्हणून आहे. बँकेत असतो."

"मग त्याला सांग, डावा हात खाली, उजवा वर. जोर खालच्या हाताचा. आन् आंब्याकडं बघू नको म्हणावं, देठाकडं बघ."

वैदेहीने वहीत लिहून घेतलं. मग संहिता काढून वाचायला लागली. झाडाला मिठी मारायच्या जागी भिवा हसायला लागला. "झाडाशी कोण बोलतो, बाय? खाली क्रेट धरतो त्याच्याशी बोलतात. जरा लवकर हात चालव म्हणून." वैदेहीही हसली आणि तिने ते वाक्य खोडलं. घमघमाट खोडला. असं चार-पाच ठिकाणी झालं. मग सुकी फांदी आली.

ते पान वाचून झालं. नंदाने सूप बाजूला ठेवलं.

"वैदेहीबाय," ती म्हणाली, "तुमचा हा सदू तीस वर्षं झाडावर चढतोय म्हणता. आन् त्याला सुकी फांदी दिसत नाय? आंधळा हाय काय?"

"तसं नाही काकू. माणूस विचारात असला की होतं असं."

"विचारात असला तर भाकरी करपते. पाय नाय तसा पडत."

"नंदा, ऱ्हाऊदे," भिवा म्हणाला.

"का म्हणून ऱ्हाऊदे? तीन वर्षं ऱ्हाऊ दिलं. पोरं शिकवायला बोलवत नायत तुमाला. आता नाटकात पण तेच?"

वैदेहीने वही मिटली. "काका, मला खरंच कळत नाही म्हणून विचारते. सुक्या फांदीवरून नाही, तर असा माणूस कशावरून पडेल?"

"ओल्या खोडावरून."

"पण ओल्या खोडावर तो चढेल कशाला? त्याला तर सगळं कळतं."

भिवाने माझ्याकडे पाहिलं. "कळतं त्याला," तो म्हणाला. "पर गाडी चारला व्हती."

मित्रांनो, हे वाक्य वैदेही लहानपणापासून ऐकत आली होती. मे महिन्यात तिच्या घरात ते जेवणाच्या ताटावरही बोललं जायचं. कोण बोलायचं, ते तिला विचारावं लागलं नाही.

"आप्पांनी चढायला लावलं तुम्हाला?"

"नाय. चढ म्हणाले नायत. खोटं कशाला सांगू?"

"मग तुम्ही नाही म्हणायचं होतं, काका."

"म्हणालो ना. उद्या काढूया म्हणालो. एकदा म्हणालो." भिवा थांबला. "दोनदा म्हणायची सवय नाय, बाय, आमाला."

वैदेहीने आयुष्यात आप्पांना दहा वेळा तरी 'नाही' म्हटलं असेल, आणि आप्पांनी ते ऐकलंही असेल. झेला धरायचा कसा हे तिला आधी ठाऊक नव्हतं, ते दहा मिनिटांत कळलं. हे दुसरं तिला ठाऊक नव्हतं याचीच तिला कल्पना नव्हती. मग तिने विचारलं, "हे लिहू का मी?"

"माझं नाव नको. आप्पांचं पण नको. सदू पडला तर पडूदे," भिवा म्हणाला. "पर सुक्या फांदीवरून नको."

तिने आठ दिवस लिहिलं. पहिल्या वेळी तिने बागेचा मालक असा काही रंगवला की तो मिशीला पीळ देत सदूवर खेकसत होता. तालमीत ते तिलाच खटकलं. भिवाकाकांनी तर सांगितलं होतं, चढ म्हणाले नाहीत. मग तिने मालकाचं खेकसणं काढून टाकलं आणि त्याच्या तोंडी फक्त एक ओळ ठेवली. हर्षदनेही कष्ट घेतले. रोज संध्याकाळी घरामागच्या फणसाच्या खोडावर तळवा ठेवून उभा राहायचा. शेजाऱ्यांना वाटलं, याला काहीतरी झालंय.

स्पर्धा रत्नागिरीत, शनिवारी. आमचा नंबर सकाळी साडेअकराचा. विंगेतून मला सगळं सभागृह दिसत होतं. पहिल्या रांगेत आप्पा आणि त्यांच्या शेजारी हरिश्चंद्र. वैदेहीने आप्पांना संहिता वाचायला दिली नव्हती. भिवा आणि नंदा मागे दाराजवळ बसले होते. पुढे बसा म्हटलं तरी आले नाहीत.

सदू हलक्या आवाजात म्हणाला, उद्या काढूया. मालकाने घड्याळ पाहिलं. "गाडी चारला निघते," म्हणाला आणि आत गेला. हर्षदने लाकडी खोडावर तळवा ठेवला. चड्डीला पुसला. पुन्हा ठेवला. मग मला डाव्या हातात घेऊन चढत चढत विंगेआड दिसेनासा झाला. पडण्याचं दृश्य नव्हतंच. फक्त मी एकटा वरून रंगमंचावर येऊन पडलो, त्याच चिरेवर. टाळ्या लगेच वाजल्या नाहीत. पडदा अर्धा आल्यावर वाजायला लागल्या. मला आडवं पडल्या पडल्या आप्पा दिसत होते. ते टाळ्या वाजवत नव्हते. हात मांडीवर ठेवून बसले होते.

बाहेर चहाच्या टेबलापाशी सगळे जमले. हर्षद मला घेऊनच तिथे उभा होता. भिवाही लंगडत, थांबत नंदाबरोबर येऊन पोचला. हरिश्चंद्र वैदेहीला म्हणाले, "छान झालं हो. पण हे ओल्या खोडाचं जरा नाटकीच वाटलं. आमचा भिवा बघा, साधा सुक्या फांदीवर पाय देऊन पडला."

वैदेहीने तोंड उघडलं होतं. त्याआधी आप्पांनी कप खाली ठेवला.

"नाही," आप्पा म्हणाले. "खोड ओलं होतं. तो नको म्हणाला होता. मी गाडीची वेळ सांगितली."

हरिश्चंद्रांनी चहात बिस्किट बुडवलं होतं ते तसंच गळून पडलं. नंदाने पदर तोंडाला लावला. आप्पा माफ कर वगैरे काही म्हणाले नाहीत. भिवाकडे त्यांना बघवलंही नाही. आणि भिवाने आप्पांकडे न बघता हर्षदला जवळ बोलावलं. "झ्याक केलंस," म्हणाला. "पर देठ लई आखूड तोडलास. बोटभर ऱ्हायला पायजे."

ही गेल्या वर्षीची गोष्ट. एकांकिकेला नंबर आला नाही. परीक्षकांना शेवट जरा थंड वाटला म्हणे.

मित्रांनो, आता माझी तुमच्याकडे एक विनंती आहे. मला वर्षातून एकदा तेलाचा हात द्या आणि जाळीला उन्हात ठेवू नका, हे तर आहेच. पण तुमच्यातलं कुणी पुढे लिहिणारं निघालं आणि दुसऱ्या कुणाच्या कामाबद्दल लिहावंसं वाटलं, तर आधी त्याच्या घरी जा. त्याचं अवजार मागून घ्या, तुमच्या हातातून दोन आंबे पडू द्या. तो सांगेल ते लिहून घ्या. आणि तुमचा माणूस एखादी चूक करत असेल, तर ती तो माहीत असूनही का करतो, हे विचारल्याशिवाय उठू नका. वैदेही जवळजवळ उठलीच होती.

मी आता पुन्हा बागेत असतो. माझ्या चिरेला भिवाने तांब्याची तार गुंडाळली आहे. तो झाडाखाली क्रेट उपडा घालून बसतो आणि पाच नवी पोरं त्याच्या हाताखाली आहेत. त्यातली दोन हरिश्चंद्रांनी शिकायला पाठवलेली आहेत. झाडाखाली आल्यावर पोरं आधी वर बघत नाहीत.

यंदा मे महिन्यात दुपारी एक सर आली. अर्धा तास पडली. आप्पा बागेत आले आणि घड्याळाकडे न बघता भिवासमोर उभे राहिले. भिवाने उठून खोडावर तळवा ठेवला. मग मान हलवली. गाडी चारला निघाली, रिकामी.